अण्णांची डावी बाजू

६ जानेवारी

प्रिय अक्का,

फोनवर आपण पाच मिनिटांत भांडणावर येतो आणि मग मी "रेंज जातेय" म्हणून ठेवून देतो. रेंज जात नाही हे तुला कळतं, आणि तुला कळतं हे मलाही कळतं. म्हणून या वेळी सरळ पत्र.

सोबतच्या गुंडाळीत नवं कॅलेंडर आहे. जपून उघड, कोपरे दुमडतात. आपला हॉल अखेर उभा राहिला. अण्णा ज्या शेडमध्ये बसून लोकांचे बंद पडलेले पंप दुरुस्त करायचे, तिथेच. आठवतं ना, पंप तयार झाला तरी माणूस उठायचा नाही. अण्णांसमोर बसून राहायचा आणि त्यांच्याबरोबर प्रार्थना करूनच घरी जायचा. आता तिथे खुर्च्या आहेत, पंखे आहेत, माइक आहे. अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली तरी गर्दी वाढतेच आहे. लोक आता त्यांना मिस्त्री म्हणत नाहीत, बाबा म्हणतात. तुला सवय करून घ्यावी लागेल.

निम्म्याहून जास्त लोकांनी अण्णांना कधी पाहिलेलंच नाही. सगळे विचारायचे, बाबा दिसायचे कसे? आणि आपल्याकडे तर एक फोटो नाही. शेवटी हॉलच्या मंडळाने चित्रकार बोलावला. त्याने जुन्या माणसांना विचारून विचारून चित्र काढलं. तेच कॅलेंडरवर आहे. बघताना बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, अक्का. आता ते दुकानांत आहे, लोकांच्या मोबाइलवर आहे. परवा टॅक्सीत बसलो तर ड्रायव्हरच्या समोर अण्णा!

एप्रिलमध्ये हॉलच्या दर्शनी भिंतीवर हेच चित्र दोन मजली उंचीचं रंगवायचं आहे. त्यावरचा पडदा तू बाजूला करावास अशी मंडळाची इच्छा आहे. थोरली मुलगी म्हणून. तुझा जळीत वॉर्ड चार दिवस दुसरी सिस्टर सांभाळेल. ये.

तुझा
बाब्या

१५ जानेवारी

बाब्या,

कॅलेंडर उघडलं आणि आधी पोट धरून हसले. अरे, हा तर तू! नाक बघ. ते नाक आईचं, आईकडून तुला आलं. अण्णांना ते सासरकडून मिळालं की काय? आणि "जुन्या माणसांना विचारून विचारून" म्हणे. चित्रकारासमोर खुर्चीवर कोण बसलं होतं ते सांग. पांढरी दाढी नंतर चिकटवली की तूच वाढवली आहेस?

मग हसू गेलं. डावा गाल कुठे आहे, बाब्या?

तू तेव्हा दीड वर्षाचा होतास. मी नऊ वर्षांची. अण्णा तेव्हा कामाला होते त्या लॉन्ड्रीत बॉयलरची नळी फुटली तेव्हा ते बाहेर होते, बाहेरच राहिले असते तर तुझ्या कॅलेंडरसारखेच गुळगुळीत राहिले असते. ते आत गेले, कारण इस्त्रीवाले काका आत पडले होते. काकांना ओढत आणलं आणि अर्धा चेहरा तिथे ठेवून आले. त्यानंतर बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहायची. माणसं उभी, आणि ती जागा रिकामी. मी बसायचे तिथे.

शेडमध्ये त्यांनी बाकं समोरासमोर का लावली होती, विसरलास? भिंतीकडे तोंड नाही, त्यांच्याकडे तोंड नाही, एकमेकांकडे. म्हणायचे, "डोळे मिटायच्या आधी समोरच्याचं तोंड नीट बघा. तेच बघवत नसेल तर मिटून काय दिसणार आहे?" सगळी शिकवण म्हणतोस ती एवढीच होती. आणि फोटो नाही तो का नाही? फोटोवाला दरवेळी म्हणायचा, उजवी बाजू इकडे करा. अण्णा म्हणायचे, "अख्खा काढायचा तर काढ, नाहीतर राहू दे." तो राहू द्यायचा.

तुझ्या नव्या हॉलमधल्या खुर्च्या कोणीकडे तोंड करून आहेत ते कळव.

भिंत रंगवायला अजून वेळ आहे. चित्र बदलून घे. मी ऐकणार नाही, तुला ठाऊक आहे.

अक्का

२८ जानेवारी

प्रिय अक्का,

बसलो होतो मी खुर्चीवर. चित्रकाराला समोर कोणीतरी हवं होतं आणि मी मुलगा आहे. यात लपवण्यासारखं काही नाही. लिहिलं नाही, कारण तू हसशील हे माहीत होतं. दाढी माझीच आहे.

गालाबद्दल मंडळात चर्चा झाली होती. सेक्रेटरी म्हणाले, नवीन माणूस येतो तो आधीच दुखावलेला असतो, त्याला दारातच घाबरवायचं का? लहान मुलं रडतील. अण्णांचं मन स्वच्छ होतं, तेच चेहऱ्यावर दाखवलं, तर बिघडलं काय? मला ते पटलं. अजूनही पटतं.

खुर्च्या चित्राकडे तोंड करून आहेत. माइक तिकडे आहे. एवढ्या माणसांना समोरासमोर बसवलं तर त्याला हॉल म्हणत नाहीत, लग्नाची बोलणी म्हणतात.

तुला इथलं काही दिसत नाही. मी ड्रायव्हिंग शिकवायला गाडी काढतो तर शिकणारी माणसं ब्रेक सोडून माझ्या तोंडाकडे बघतात. गेल्या आठवड्यात एका बाईंनी तसंच बघता बघता गाडी दुधाच्या दुकानात घातली. सिग्नलला एक म्हातारा खिडकीतून माझा हात धरून म्हणाला, "तुमच्यात ते दिसतात हो." आयुष्यभर मी मिस्त्रींचा धाकटा, गाडी शिकवणारा. पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याकडे बघून थांबतंय. तुला त्याचा त्रास होतो का? खरं सांग.

आणि एक. तू नोकरीसाठी गेलीस. शेवटची चार वर्षं अण्णांना भरवलं मी. त्यांच्या तोंडातून अन्न सांडायचं ते पुसलं मी. त्यामुळे त्यांचा चेहरा मला शिकवू नकोस.

बाब्या

२० फेब्रुवारी

बाब्या,

तुझ्या पत्राचा राग आला होता. उत्तर लिहून फाडलं. तू त्यांना भरवलंस हे खरं आहे आणि मी ते कधी विसरणार नाही. पण आता जे सांगते ते माझ्या-तुझ्या भांडणाचं नाही.

माझ्या वॉर्डात एक बाई आहे. घरी गॅसचा भडका उडाला, चेहऱ्याची उजवी बाजू आणि मान गेली. आम्ही तिला टेलरबाई म्हणतो, कारण पहिल्यांदा शुद्धीवर आली तेव्हा रुग्णालयाच्या गाऊनची शिवण बघून म्हणाली, "हे कोणी शिवलंय?" दोन वेळा कातडीचं ग्राफ्ट झालं. किंचाळली नाही. जेवायची, बोलायची, आम्हाला हसवायची.

परवा तिची सासू आली. पिशवीतून तुझं कॅलेंडर काढलं आणि पलंगाशी खिळ्याला टांगलं. मी ड्रेसिंग करत होते. सासूबाई चित्राकडे बघून म्हणाल्या, "पुण्यवानाचा चेहरा असा असतो. एक डाग नाही." मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "हिचं काय पाप होतं कोण जाणे."

टेलरबाईने तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हापासून बोलत नाही. जेवणाचं ताट तसंच परत जातं.

मी सासूबाईंना म्हणाले, "अहो, हे माझे वडील. यांचा अर्धा चेहरा जळालेला होता." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "बाई, चित्र समोर आहे आणि खोटं बोलता?" मी म्हणाले, मी त्यांची मुलगी आहे. त्या म्हणाल्या, "मग तुमचं तोंड का नाही त्यांच्यासारखं?" आता तुझं तोंड त्यांच्यासारखं आणि माझं नाही, याला मी काय उत्तर देणार? त्यांनी मेट्रनकडे तक्रार केली की सिस्टरने बाबांचा अपमान केला. मेट्रनने मला बोलावून समज दिली. तिच्याही टेबलावर तेच कॅलेंडर आहे, बाब्या.

म्हणजे मुलगी खोटी आणि कॅलेंडर खरं. तुम्हाला वाटलं, आपण फक्त एक डाग पुसला. पण लोकांनी त्यावरून काय शिकून घेतलं ते बघ. ज्याला डाग आहे तो पापी, असं अण्णांच्या नावाने आता सांगितलं जातंय. अण्णांच्या!

मी एप्रिलमध्ये येते आहे. पडदा मी ओढीन, आणि ओढायच्या आधी माइकवर सगळं सांगेन. मंडळाला आधीच कळव, म्हणजे पाठीमागून केलं असं व्हायला नको.

अक्का

३ मार्च

अक्का,

मंडळाला कळवलं. सेक्रेटरी फार संतापले. पडद्यासाठी आता दुसऱ्या कोणाला तरी बोलावणार आहेत. तू येऊ नयेस असा निरोप द्यायला सांगितलाय, तो दिला.

टेलरबाई जेवायला लागल्या का?

आमच्या धाकटीला शाळेत आजोबांचं चित्र काढायला सांगितलं होतं. कॅलेंडर समोर ठेवून काढत होती. मी म्हटलं, अगं, आजोबांच्या गालावर जळल्याची खूण होती, तू मांडीवर बसून त्यावरून बोट फिरवायचीस. तिला काही आठवेना. लहान होती ती. "कुठे होती? मी काढते," म्हणाली आणि पेन्सिल धरून थांबली.

मीही थांबलो, अक्का. डोळे मिटले तर कॅलेंडर दिसतं. चार वर्षं मी ते तोंड पुसलं आणि आता मला तिथे माझंच तोंड दिसतंय.

डावी बाजू होती ना?

बाब्या

९ मार्च

बाब्या,

डावी. घाबरू नकोस. लिहून देते, धाकटीला वाचून दाखव.

कपाळापासून सुरू व्हायचं. डावी भुवई नव्हती. डोळा पूर्ण मिटायचा नाही, झोपले तरी बारीक फट राहायची, म्हणून आपल्याला लहानपणी वाटायचं की अण्णा झोपत नाहीत. कान म्हणजे नुसती वळी. गालाची कातडी ताणलेली, चकाकायची, हात लावला तर उजव्या गालापेक्षा गार लागायची. ओठांचा कोपरा खाली ओढलेला. म्हणून त्यांना ओठ मिटून म्हणायची अक्षरं नीट जमायची नाहीत. तुला हाक मारायचे ती "वाव्या" अशी यायची आणि तू तिसरीपर्यंत वहीवर स्वतःचं टोपणनाव वाव्या लिहायचास.

हसले की फक्त उजवी बाजू हसायची. आई मुद्दाम डावीकडे बसायची. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "उजवीकडून सगळेच बघतात."

आता डोळे मिट. आले का?

टेलरबाई जेवते आहे. मी तिला हेच सगळं सांगितलं, तू विचारायच्याही आधी. दोन दिवस नुसती ऐकत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कॅलेंडर काढून टाका, सिस्टर. टाकून नका देऊ, पण काढा." मग भात मागितला.

अक्का

४ एप्रिल

अक्का,

आले. "वाव्या" वाचलं आणि आले. धाकटी विचारत होती, बाबा का रडताय.

आता पुढचं ऐक. भिंतीच्या चित्रासाठी चित्रकाराला मी पुन्हा समोर हवा होतो. खुर्चीवर बसलो. तो म्हणाला, हनुवटी जरा वर. मी उठलो, वाटेत एक काम उरकलं आणि मंडळाच्या बैठकीत गेलो. म्हटलं, हा चेहरा माझा आहे, तो मी परत घेतो.

सेक्रेटरी हसले. "छापून घरोघरी गेलेला चेहरा परत कसा घेणार?"

"घरोघरी गेला तो गेला. भिंतीवर चढणार नाही."

"कॅलेंडर बघून रंगवू."

"रंगवा. मी खाली खुर्ची टाकून बसेन आणि येणाऱ्याला सांगेन की वरचा तो मी आहे आणि हा दाढी केलेला मी. बघा, करूनच आलोय." खरंच केली होती. तिथे बसलेल्या निम्म्या लोकांनी तोपर्यंत मला ओळखलंच नव्हतं.

प्रकरण सगळ्यांपुढे ठेवायचं ठरलं. रविवारी प्रार्थनेनंतर मी माइकवर उभा राहिलो. लोकांना जळालेल्या गालाचं सांगितलं. कुजबुज सुरू झाली. कोणीतरी ओरडलं, "बापाला विद्रूप करतोस?" सेक्रेटरी माइक घ्यायला पुढे आले, आणि मागच्या रांगेतून इस्त्रीवाले काका उठले. ऐंशीच्या पुढे गेलेत. इतकी वर्षं येतात, कोणाशी बोलत नाहीत. चालत पुढे यायला त्यांना इतका वेळ लागला की सगळे आपोआप गप्प झाले. म्हणाले, "मी रोज या चित्राखाली बसतो. मला ज्याने बाहेर काढलं तो माणूस मला यात सापडत नाही. मला वाटलं, माझीच नजर गेली."

सगळ्यांना पटलं असं नाही. पण भिंतीवर खरा चेहरा काढायचा असं ठरलं.

आता वेगळीच अडचण. चित्रकार तुझं पत्र वाचून प्रयत्न करतोय, पण गालाला ओल आल्यासारखं दिसतं. तो म्हणतो, सांगण्यावरून कातडी रंगवता येत नाही, बघावी लागते. आता मी त्याला काय दाखवू?

बाब्या

१२ एप्रिल

बाब्या,

शाबास. याहून जास्त लिहीत नाही, डोक्यात जाईल.

तुझं पत्र टेलरबाईला वाचून दाखवलं. काका उठले तिथे तिने हात वर करून मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "माझी चालेल का?"

मला कळलं नाही. ती म्हणाली, "कातडी, सिस्टर. बघायला हवी ना त्यांना."

मी म्हणाले, घाई नको. तिने अजून स्वतः आरसा बघितलेला नाही, आम्ही वॉर्डात आरसे ठेवत नाही. तर म्हणाली, "मग आणा. आधी मी बघते, मग त्याला दाखवते. गिऱ्हाइकाच्या आधी कापड मी बघायला नको?" मी माझा पर्समधला छोटा आरसा दिला. तिने तो तोंडाजवळ धरला, लांब धरला, खाली ठेवला, परत उचलला. खूप रडली. मी शेजारी बसून राहिले. मग नाक पुसून म्हणाली, "उजवी आहे. तुमच्या वडलांची डावी. त्याचं काय करायचं?"

चित्रकाराला विचार.

मी येऊ शकत नाही. तक्रारीनंतर मेट्रन मला रजा देत नाही. ती एकटी येईल, बसने. सासरी परत जाणार नाही असं तिने ठरवलंय. शिवणयंत्र तिच्या आईकडे हलवलंय, तिथेच दुकान थाटणार आहे. स्टँडवर तू स्वतः जा, आणि ती उतरली की तिच्या तोंडाकडे बघ. दोन्ही बाजूंकडे. एवढं एक कर.

अक्का

३ जून

अक्का,

तुला फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगितलं, पण नीट सांगायचं राहिलं होतं.

स्टँडवर मी बघितलं. पहिल्या क्षणी नजर खाली गेली, खोटं सांगत नाही. मग वर केली. टेलरबाई म्हणाल्या, "सिस्टरचे भाऊ ना? नाकावरून ओळखलं."

चित्रकाराने उजव्या-डाव्या बाजूवर तोडगा काढला होता. भिंतीला मोठा आरसा लावला, त्यांना खिडकीशी बसवलं आणि आरशात उजवी बाजू डावी दिसते, तो तसं बघून काढणार होता. म्हणजे त्यांना दिवसभर स्वतःला बघत बसायचं. पहिल्या दिवशी चित्रकाराचाच हात चालेना. तो कुंचला धुवायचा, रंग कालवायचा, खिडकीबाहेर बघायचा. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, मी बघतेय, तर तुम्हाला काय झालं?" मग त्याने बघितलं. पाच दिवस बघितलं. उजव्या गालासाठी मी शेजारी बसलो होतो. दुपारी आम्ही तिघं डबा खायचो आणि त्या माझ्या शर्टाच्या कॉलरची निंदा करायच्या.

पडदा इस्त्रीवाल्या काकांनी ओढला. हॉलसमोरच्या रस्त्यावर माणसं मावत नव्हती. पडदा पडला. मग एका लहान मुलीने मोठ्याने विचारलं, "याला लागलंय का?" तिची आई तिला गप्प करायला लागली. मी म्हटलं, राहू द्या, आणि तिथेच उकिडवा बसून तिला बॉयलरची गोष्ट सांगितली. पुढचे लोक ऐकायला खाली बसले, मागचे पुढे सरकले.

काही जण उठून गेले. सेक्रेटरी आलेच नाहीत, राजीनामा पाठवला. त्यांच्याबरोबर बरीच मंडळी गेली, ती दुसऱ्या जागी जुनं चित्र लावून बसतात. आणि टेलरबाईंच्या सासूबाई आल्या होत्या, एवढ्या लांबून. त्या चित्राकडे बघत राहिल्या, मग सुनेकडे, मग परत चित्राकडे. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. "हे आमचे बाबा नव्हेत," म्हणाल्या आणि गेल्या. टेलरबाई त्यांच्या मागे गेल्या नाहीत. त्या गर्दीत उभ्या होत्या, डोक्यावरून पदर न घेता.

अण्णा वरून बघतायत. डावा डोळा अर्धा उघडा. चित्रकाराला ती फट बरोबर जमली आहे. तू ये आणि बघ.

तुझा
बाब्या

१७ जून

बाब्या,

पुढच्या महिन्यात माझी बदली दुसऱ्या वॉर्डात होते आहे, नवी मेट्रन रजा देणार आहे, मी येते. एकच गोष्ट सांगायला लिहिते.

काल टेलरबाई पट्टी तपासायला आली होती. तिला सोडायला मी फाटकापर्यंत गेले. रस्त्यावर एक माणूस तिच्याकडे बघून थबकला. मी पुढे झाले, मला सवय आहे, अशा वेळी मी मध्ये उभी राहते. पण तो खिशातून मोबाइल काढून चित्र बघत होता, भिंतीवरच्या चित्राचा कोणीतरी काढलेला फोटो. त्याने हात जोडले. म्हणाला, "माफ करा, पण तुमचा चेहरा अगदी बाबांसारखा आहे."

मनात म्हटलं, सुटली म्हणता म्हणता आता ही अडकली. उद्या हिच्या दारात रांग लागेल.

तिने त्याला खालीवर बघून घेतलं.

"माझ्यासारखा त्यांचा आहे," ती म्हणाली. "आणि हात खाली करा. शर्टाची बाही उसवलीय तुमची, संध्याकाळी दुकानात घेऊन या."

तो गोंधळून बाही बघायला लागला. तोपर्यंत बस आली आणि ती चढली. दाराजवळच्या बाकावरची बाई जरा बाहेरच्या बाजूला सरकली, तिने "थोडं अजून" म्हणून खिडकीची जागा मिळवली.

अक्का